चुकीचे पर्याय लिहिणाऱ्या टीचरना

ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय ४३. बी.एस्सी. करून २००५ साली फोंड्याला बी.एड. केलं. मग वेगवेगळ्या हायस्कुलांत लेक्चर बेसिसवर (तासांप्रमाणे पैसे) गणित-विज्ञान शिकवलं. दर एप्रिलला ऑर्डर संपायची आणि जूनमध्ये फोन येईल का याची वाट बघायची. शेवटी वैतागून सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांसाठी वर्कशीट्स करणाऱ्या एका संस्थेत गेले, तर तो प्रकल्पच संपला. २०११मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याला गेलो. तिथे एका ई-लर्निंग कंपनीत आधी कंटेंट रायटर, मग इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्सचा आराखडा करणारी. २०१८ला सासूबाईंच्या आजारपणात परत आलो. कंपनीनं ‘कन्सल्टंट’ म्हणून घरून काम चालू ठेवलं, पण यंदा बऱ्याच जणांना नारळ दिला, त्यात मीही. आता घराजवळच्या हायस्कुलात लेक्चर बेसिसवर जागा आहे, ‘पुढे रेग्युलर होईल’ म्हणतात. मुलाखतीत एकानं विचारलं, ‘एवढ्या उड्या का मारल्या?’ मला उत्तर सुचलं नाही. गणपतीच्या चवथीला दीर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एका जागी चिकटून राहिली असती तर आज हेडमिस्ट्रेस असती.’ मुलगी दहावीला आहे. शाळा घ्यावी, फ्रीलान्स करावं, की पीएच.डी.ला नाव घालावं? आणि खरं सांगा, इतकी वर्षं मी भरकटले का?
एक टीचर, डिचोली

प्रिय टीचर,

तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, जागेसाठी ते कापावं लागलं. पण कापलेल्यातला एक भाग इथे पुन्हा घालते. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, आणि माझ्या मते पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तोच आहे. (बाकीच्यात दिरांना फार जागा मिळाली आहे.)

सत्तरीतल्या शाळेत चौथीच्या एका मुलानं ४०२ वजा १७८ याचं उत्तर ३७६ लिहिलं. वहीत लाल फुली आणि शेजारी ‘लक्ष कुठे असतं?’ असा शेरा. तुम्ही त्याला जवळ बसवून तेच गणित मोठ्यानं बोलत करायला सांगितलंत. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून दोन काढले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य. चारातून एक. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत सांगितलेलं आणि तो ते इमानेइतबारे पाळत होता. हातचा घेणं म्हणजे काय, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मग तुम्ही पुढच्या वर्कशीटमधून उभी मांडणी काढून टाकलीत आणि मुलांना काड्यांच्या जुड्या सोडायला लावल्यात. आधी शंभराची जुडी सोडून दहाच्या दहा, मग त्यातली एक सोडून सुट्या काड्या.

पुढे पुण्याच्या कंपनीत असताना वेर्ण्याच्या एका औषध कारखान्याचा कोर्स तुमच्याकडे आला. एक बॅच संपल्यावर दुसरी सुरू होण्याआधी पॅकिंगची लाइन रिकामी कशी करायची, त्याबद्दलचा. प्रश्न असा होता: आधीच्या बॅचची लेबलं उरली तर काय कराल? कारखान्याच्या एसओपीत, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी नियमांत, फक्त बरोबर उत्तर होतं. मोजायची, हिशेब जुळवायचा, नष्ट करायची, नोंद करायची. चुकीचे तीन पर्याय तुम्ही लिहिलेत. पुढच्या बॅचला लागतील म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवणार. जागा स्वच्छ हवी म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकणार. शिफ्ट संपत आली असेल तर पुढच्या शिफ्टवाल्याला सांगून जाणार. कारखान्याच्या क्वालिटीवाल्यानं फोनवर विचारलं, ‘हेच होतं आमच्याकडे, तुम्हाला कोणी सांगितलं?’

कोणी सांगितलं नव्हतं. पण ते तीन पर्याय पुन्हा वाचा. एक काटकसर करणाऱ्याचा, एक नीटनेटक्या माणसाचा, एक निरोप देऊन जाणाऱ्याचा. तिघेही आपल्या परीनं नीट काम करतायत आणि तिघेही चुकतायत. ३७६ लिहिणारा मुलगा असाच होता. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बहुतेक वेळा निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्यामागे चुकीचा पण पक्का नियम असतो, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८मध्ये मांडलं. तुम्हाला ते सत्तरीत एका वहीवरून कळलं आणि वेर्ण्यात त्याचे पैसे मिळाले. शाळेची वर्षं रेझ्युमेच्या तळाशी एका ओळीत कोंबली आहेत म्हणता, ती आधी वर काढा.

आता भरकटलात का, ते पाहू. एक कागद घ्या आणि प्रत्येक वळणापुढे ते वळण कुणी घेतलं त्याचं नाव लिहा. लेक्चर बेसिसची ऑर्डर संपली, ते व्यवस्थेनं केलं. तासांचे पैसे, मे महिन्यात शून्य, जूनमध्ये पुन्हा नव्यानं सुरुवात, हे ज्यांनी गोव्यात भोगलंय त्यांना समजावून सांगायला नको. प्रकल्प संपला, ते पैसे देणाऱ्यांनी ठरवलं. पुणं नवऱ्याच्या बदलीनं आलं. परत येणं आजारपणानं, आणि इथे एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. दीर त्याच सासूबाईंचे चिरंजीव ना? त्यांच्या नोकरीला त्या वर्षी कुठलं वळण लागलं? नारळ कंपनीनं दिला.

तुमच्या नावावर दोनच वळणं उरतात. वर्ग सोडून वर्कशीटकडे गेलात ते, आणि कंपनीत नुसता मजकूर लिहिण्याऐवजी कोर्सचा आराखडाच आपण करू म्हणून मॅनेजरशी भांडलात ते. दोन्ही वेळा तुम्ही फळ्यापुढून उठून पानामागे जाऊन बसलात, म्हणजे आपण समोर नसताना शिकणाऱ्याचं काय होतं ते बघायला. हे भरकटणं नव्हे. पण म्हणून सगळं आधीपासून ठरलेलं होतं असा आवही आणू नका. हल्ली लोक आपल्या नोकऱ्यांची ‘जर्नी’ लिहितात, त्यात प्रत्येक धक्का म्हणजे पुढच्या पायरीची तयारी असते. वाचून मला अजीर्ण होतं. जूनमध्ये फोन आला नाही ती कसली तयारी नव्हती. ते वाईट वागवणं होतं.

एकाच जागी राहणं म्हणजे सुरक्षित, हेही तितकंसं खरं नाही. पुण्याची बालचित्रवाणी आठवते? मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी सरकारी संस्था, १९८४मध्ये सुरू झाली आणि २०१७मध्ये बंद पडली. तिथे चिकटून राहिलेले लोक होतेच की. आणि आपल्याकडच्या गावागावांतल्या मराठी प्राथमिक शाळांचं पटसंख्येपायी काय झालं ते तुम्ही सत्तरीत जवळून पाहिलंय.

इन्स्ट्रक्शनल डिझाइनची ‘धड डिग्री’ नाही म्हणून तुम्हाला कमीपणा वाटतो. हा धंदाच आडवाटेनं आलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अफाट संख्येनं माणसं घाईघाईनं तयार करायची होती, त्या कामावर मानसशास्त्रज्ञ बसवले. रॉबर्ट गान्ये त्यातलेच, हवाई दलात होते. ॲडी हा शब्द तुम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारत असाल, तो कोर्स रचायचा साचाही १९७५च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीनं अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामातून आला. आणि शिकवताना क्रमानं काय काय व्हावं ते सांगणाऱ्या गान्येंच्या त्या नऊ घटना तुमच्या जुन्या पाठ नियोजनाच्या वहीशेजारी ठेवून बघा. लक्ष वेधा, उद्दिष्ट सांगा, आधीचं आठवून द्या, नवं मांडा, करून घ्या. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावानं बी.एड.ला घोकलेली पाठाची पंचपदी यापासून कितीशी लांब आहे? प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन हे सगळं तुम्ही फोंड्यात निरीक्षकांसमोर घाम फुटेपर्यंत केलंय. पुण्यातल्या ज्या पोरांनी तुम्हाला स्टोरीलाइन सॉफ्टवेअर शिकवलं, त्यांनी ते केलेलं नाही.

शाळेची जागा. ‘आयज ना फाल्यां रेग्युलर जातलें’ (आज ना उद्या रेग्युलर होईल) हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ते कुणी म्हटलं की मी पुढचे प्रश्न विचारते. हे पद मंजूर आहे का? कुणाच्या निवृत्तीनं किंवा रजेमुळे रिकामं झालंय? शिक्षण खात्याकडे ते भरायची परवानगी मागितली आहे का, मागितली असेल तर कधी? आरक्षणाच्या रोस्टरमध्ये ती जागा कुठल्या प्रवर्गाची? पुढच्या वर्षी एखादी तुकडी कमी झाली तर वर्कलोड उरतो का? हे विचारायला मॅनेजमेंटकडे जायची गरज नाही. शाळेच्या ऑफिसात जो हेडक्लार्क असतो त्याला सगळं ठाऊक असतं, आणि सरळ विचारलं तर तो सरळ सांगतो. पद खरोखर मंजूर असेल आणि तुमच्या प्रवर्गात बसत असेल तर डोळे मिटून घ्या. ६०पर्यंत सतरा वर्षं आहेत, पगार ठरलेला असेल, मुलीचं शिक्षण पार पडेल. जुनी पेन्शन नाही मिळणार, २००५नंतरच्यांना एनपीएस, म्हणजे पगारातून कापून साठवायची पेन्शन आहे, तरीही घ्या. पण उत्तर ‘बघूया’ असं आलं, तर रेग्युलरच्या आशेवर ती जागा घेऊ नका. हातखर्चाला वर्षभर चार तास घ्यायचे असतील तर घ्या, पण मग ते हातखर्चासाठीच आहेत हे घरात सगळ्यांना सांगून घ्या.

‘एवढ्या उड्या का मारल्या?’ मी अशा मुलाखतींत टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, म्हणून सांगते. विचारणाऱ्याला तुमच्या आयुष्याचा अर्थ लावायचा नसतो. ऑक्टोबरमध्ये ही बाई सोडून गेली तर दहावीच्या वर्गाचं काय, एवढीच धास्ती असते. तेव्हा त्या धास्तीला उत्तर द्या. ‘शाळा मी कधीच वर्षाच्या मध्ये सोडली नाही, प्रत्येक वेळी ऑर्डर संपली तेव्हाच बाहेर पडले. घर आता इथेच आहे, बदलीचा प्रश्न नाही. घेतलेलं वर्ष पूर्ण करीन.’ एवढं पुरे. खुलासे वाढवले की माणूस दोषी दिसायला लागतो.

फ्रीलान्सबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात आणि पीएच.डी.बद्दल पानभर. मी उलटं करते.

पीएच.डी. नको. पाच-सहा वर्षं जातील, आणि तुम्ही ती विषयासाठी नाही, दिरांसाठी करताय असं पत्रावरून तरी वाटतं. कागद हवाच असेल तर इग्नूचा ई-लर्निंगचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तो नोकरी सांभाळून होतो. मुंबईच्या एसएनडीटीत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, पण मुलगी दहावीला असताना मुंबईचा विचारच नको.

फ्रीलान्समध्ये तुम्ही पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांकडेच बघताय. तिथे आता पहिला स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा पडद्यागणिक कच्चा खर्डा, एआयकडून काढून घेतात आणि माणसाला तो ‘जरा बघून द्या’ म्हणतात. दर पडणारच. एआय चुकीचे पर्यायही देतो, पण ते कसे असतात ते तुम्ही पाहिलं असेल. तीन इतके उघड चुकीचे की डोळे मिटून चौथ्यावर टिक करावी. उरलेलं लेबल ड्रॉवरमध्ये जपून ठेवणारा माणूस त्याला सहसा सुचत नाही.

मग जायचं कुठे? वेर्णे, कुंडई, पिळर्ण, बेतोडा. औषध कारखान्यांची गोव्यात वाण नाही, आणि ज्यांचा माल अमेरिकेत जातो त्यांच्याकडे तिथल्या एफडीएचे, म्हणजे औषध नियामक खात्याचे, तपासनीस येतात. ते ट्रेनिंगच्या नोंदी मागतात. बहुतेक ठिकाणी नोंद म्हणजे इंग्रजी एसओपी वाचून ‘वाचली व समजली’ अशी सही. सही करणारा ऑपरेटर घरी कोकणी, मराठी, कन्नड, नाहीतर ओडिया बोलतो. काहीतरी चुकलं की चौकशी होते, कारण ‘मानवी चूक’ असं लिहितात, उपाय म्हणून ‘पुन्हा प्रशिक्षण’ लिहितात, म्हणजे तीच एसओपी पुन्हा वाचायची आणि पुन्हा सही. वहीवर लाल फुली मारून ‘लक्ष कुठे असतं?’ लिहिण्याचाच हा प्रकार. त्या पॅकिंग लाइनवर उभं राहून ऑपरेटरला ‘काय करता ते करत करत मला सांगा’ म्हणणारं कुणीतरी तिथे हवंय, आणि तुम्ही डिचोलीतून सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकता.

‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर पाहिजे’ अशी जाहिरात मात्र गोव्यात शोधत बसू नका. ही कामं क्वालिटी खात्यात ‘ट्रेनिंग कोऑर्डिनेटर’, एचआरमध्ये ‘एल अँड डी’ (लर्निंग अँड डेव्हलपमेंट), अशा नावांखाली असतात. मोठ्या हॉटेलांतही असतात, पण तिथला सीझन आणि शिफ्ट बघता तुमच्या घराला ते झेपणार नाही असं मला वाटतं.

जाताना पन्नास स्लाइडींचा पोर्टफोलिओ नेऊ नका, कुणी बघत नाही. दोन पानं न्या. एका पानावर ३७६ची गोष्ट: मुलानं काय लिहिलं, का लिहिलं, तुम्ही वर्कशीटमध्ये काय बदललं. दुसऱ्यावर एक प्रश्न आणि चार पर्याय, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली एक ओळ, की हा पर्याय कोण आणि कशासाठी निवडेल. आधीच्या क्लायंटचा प्रश्न जसाच्या तसा उचलू नका, तो त्यांचा आहे, शिवाय पुण्याच्या कंपनीशी तुमचा गोपनीयतेचा करार असणार. नवा लिहा. हात धुण्यापासून गाऊन चढवण्यापर्यंत कशावरही लिहिता येईल. क्वालिटीचा माणूस दुसरं पान वाचून हसला, तर समजा काम झालं. पहिलं काम छोटं मागा, एका एसओपीचं, आणि पैसे ठरवून मागा. ‘आधी करून दाखवा, मग बघू’ याला नाही म्हणा. लेक्चर बेसिस एकदा भोगून झालाय.

दोन-तीन महिन्यांत एकाही कारखान्यानं दार उघडलं नाही, तर मला पुन्हा लिहा आणि तेव्हा शाळेचे ते चार तास घ्या. दोन्ही एकत्र चालू शकतं, फक्त घराला हे माहीत असायला हवं की सध्या तुम्ही काम शोधताय, रिकाम्या नाही आहात. मुलीच्या अभ्यासाला आई घरीच आहे आणि सासूबाईंच्या औषधालाही आई घरीच आहे, असं झालं की फोन करायला तुम्हाला उरते ती रात्र, आणि रात्री कारखान्यातलं कुणी फोन उचलत नाही.

दिरांना उत्तर देऊ नका. हेडमिस्ट्रेसला हल्ली किती फायली उपसाव्या लागतात, एवढं एखादीला विचारून ठेवा. पुढच्या चवथीला विषय निघालाच तर तेवढं ऐकवा आणि पातोळ्या वाढायला घ्या.

तुमची,
ताई

ता. क. पैशांचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते. २०१८मध्ये कंपनीनं तुम्हाला कर्मचाऱ्याची कन्सल्टंट केली, तेव्हा सात वर्षांची ग्रॅच्युइटी दिली का? सलग पाच वर्षं झाली की ती देणं लागतं, आणि तुम्ही आपणहून सोडलंत तरी लागतं. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं, असा साधा हिशेब आहे. मिळाली नसेल तर आधी कंपनीला लेखी मागा, पुढे कामगार खात्याकडे जाता येतं. आणि पीएफमधला पेन्शनचा भाग काढून घेऊ नका. त्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तुमची सात भरली आहेत. काढून घेतला नसेल तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे या वर्षांचा दाखला, मागून ठेवा. उद्या एखाद्या कारखान्यात पीएफ कापणारी नोकरी लागली तर ही सात त्यात धरता येतात आणि तीनच उरतात. म्हणून कारखान्यानं ‘कन्सल्टंट की पेरोल?’ असं विचारलं, तर कन्सल्टंटला महिन्याचे चार पैसे जास्त असले तरी आधी पेरोल मागा.